विदर्भातल्या गावासाठी फोर बाय फोर: गाडी निवडायची कशी

फोर बाय फोर, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना देणारी गाडी, घ्यायची ठरवलेला माणूस बहुतेक वेळा आधी गाडी पसंत करतो आणि नंतर तिच्यासाठी कारण शोधतो. हा क्रम उलटा करा. कागद घ्या आणि दोनच प्रश्नांची उत्तरं लिहा. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या जाण्यायेण्यातला सगळ्यात वाईट तुकडा कोणता? आणि गाडी बंद पडली तर तिला हात लावू शकणारा मिस्त्री तिथून किती लांब आहे? हॉर्सपॉवर, स्क्रीनचा आकार, छताचा रंग हे सगळं यानंतर बघायचं.

आधी रस्ता बघा

विदर्भ म्हटला की सगळीकडे एकच रस्ता, असं नाही. अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, वाशिम, बुलडाणा या पट्ट्यात मुख्य अडचण काळ्या मातीची. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. ओल्या पांदण रस्त्यावर ती टायरच्या नक्षीत भरते. चार-सहा फेऱ्यांत टायर गोटा होतो आणि त्यानंतर चारही चाकं फिरली तरी जागच्या जागी फिरतात. मडगार्डच्या आत माती गच्च बसली की चाक फिरणंही जड जातं. म्हणून सरळ सांगतो: दोन दिवस झड लागल्यावर भर काळ्या वावरातून बाहेर काढेल अशी शोरूममधली कोणतीच गाडी नाही. तिथे ट्रॅक्टरच. फोर बाय फोर असल्यामुळे बऱ्याचदा इतकंच होतं, की गाडी रस्त्यापासून आणखी शंभर पावलं आत जाऊन फसते.

भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात बांध्यांमधून जाणारे अरुंद रस्ते, कडेला पाणी आणि मऊ काठ. तिथे हलकी, अरुंद गाडी जास्त कामाची. मेळघाटात, म्हणजे चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे, दगड आणि उतार. तिथे लो गिअर आणि गाडीच्या पोटाखालची उंची महत्त्वाची. दक्षिण गडचिरोलीत प्रश्न आणखी वेगळा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात ऐकतोच आपण. एटापल्ली-भामरागडकडे रोज जाणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज असते ती अंतर कापताना दगा न देणाऱ्या गाडीची, कारण मधे गॅरेज नाही आणि फोनला रेंजही सगळीकडे नाही.

तुमच्या पांदण रस्त्याचं खडीकरण किंवा मुरूम टाकून झालं असेल आणि वर्षातले आठ-दहा दिवस सोडले तर तो चालू राहत असेल, तर खरं सांगायचं तर तुम्हाला फोर बाय फोर लागतच नाही. मागच्या चाकावर चालणारी बोलेरो, चांगले टायर आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर एवढ्यावर निभतं. बोलेरो निओच्या वरच्या आवृत्तीत मागच्या डिफरन्शिअलला (वळताना दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) मेकॅनिकल लॉक मिळतं. एक चाक हवेत किंवा चिखलात मोकळं फिरायला लागलं की ते लॉक होऊन दुसऱ्या चाकाला जोर देतं. अर्ध्याअधिक लोकांचं काम तेवढ्यात भागतं आणि पैसेही वाचतात.

पैशाचं इथेच सांगून टाकतो. 22 सप्टेंबर 2025पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या इंजिनावर 40 टक्के. 1.5 लिटर डिझेलची मागच्या चाकावर चालणारी थार पहिल्या गटात बसते, तर 2.2 लिटर डिझेलची फोर बाय फोर थार दुसऱ्या गटात, लांबी तेवढीच असूनही. म्हणजे पुढच्या चाकांना जोर देण्याची किंमत नुसत्या यंत्राची नसते, कराचीही असते.

नावाची फोर व्हील आणि कामाची फोर व्हील

सेल्समन ‘सगळ्या रस्त्यांवर चालते’ म्हणतो तेव्हा त्याला एकच विचारा: यात लो रेंज आहे का? तो जरा घुटमळला तर समजून घ्या.

कामाच्या फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी गिअरची पेटी, असतो आणि त्याचा वेगळा लीव्हर किंवा बटण असतं. टू एच म्हणजे फक्त मागची चाकं, फोर एच म्हणजे चारही चाकं नेहमीच्या गिअरमध्ये, फोर एल म्हणजे चारही चाकं आणि सगळे गिअर आणखी खाली, हीच लो रेंज. फोर एलमध्ये चाकांना मिळणारा जोर साधारण दुप्पट ते अडीचपट होतो आणि गाडी मुंगीच्या पावलानं चढते-उतरते. फोर बाय फोर थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ-एनची फोर बाय फोर आवृत्ती, हायलक्स, फॉर्च्युनर फोर बाय फोर आणि व्ही-क्रॉस फोर बाय फोर या गटातल्या.

दुसरा गट ऑल व्हील ड्राईव्हचा. ग्रँड विटाराची ऑलग्रिप आवृत्ती किंवा एक्सयूव्ही 700ची ऑल व्हील आवृत्ती घ्या. पुढची चाकं घसरली की यंत्रणा आपोआप मागच्या चाकांकडे जोर पाठवते. पावसातला डांबरी रस्ता, मुरुमाचा चढ, लग्नाच्या मांडवाबाहेरचं ओलं मैदान यासाठी उत्तम. पण लो रेंज नाही आणि मोनोकॉक बांधणीची (वेगळी चेसिस नसलेली) गाडी रोज नाल्याच्या दगडांतून नेण्यासाठी नसतेच.

तिसरा गट म्हणजे नुसतं फिरवायचं बटण. डिझेल हॅरियर आणि सफारीत टेरेन मोड आहेत, पण जोर फक्त पुढच्या चाकांना जातो. मोड बदलल्यानं इंजिन आणि ब्रेकचं वागणं बदलतं, चालणारी चाकं वाढत नाहीत. गाडी वाईट आहे असं नाही, पण फोर बाय फोर समजून घेतली तर पहिल्याच पावसाळ्यात खटका उडतो.

आणखी एक गैरसमज: चार चाकांना जोर मिळाला म्हणून ब्रेक जास्त चांगला लागत नाही. ब्रेक प्रत्येकच गाडीच्या चारही चाकांना असतात. ओल्या मुरुमाच्या उतारावर थार आणि अल्टो सारख्याच घसरतात, फरक एवढाच की थार जड असते.

उंची, चाकोरी आणि पाणी

पांदण रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा कणा राहतो. ओला असेपर्यंत तो मऊ असतो, ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखा टणक होतो. तुमच्या गाडीचं पोट त्याच्यावर टेकलं की चारही चाकं अधांतरी, मग कोणतंही तंत्र कामाचं नाही. टेप घेऊन सगळ्यात वाईट जागी या कण्याची उंची मोजा. हा आकडा हातात असला की जाहिरातीतल्या ग्राउंड क्लिअरन्सला अर्थ येतो. कंपन्यांच्या आकड्यांनुसार थारचं 226 मिलिमीटर, जिम्नीचं 210, सध्याच्या गुरख्याचं 233. पण हा रिकाम्या गाडीचा हिशेब. मागे सोयाबीनचे कट्टे टाकले आणि चार माणसं बसली की त्यातलं बरंच खाली येतं.

चाकोरीची रुंदीही बघा. ट्रॅक्टरच्या चाकोरीत जीपची दोन्ही चाकं बरोबर बसतीलच असं नाही. एक चाक चाकोरीत आणि एक कण्यावर, अशी तिरकी गाडी चालवावी लागत असेल तर उंच आणि अरुंद गाडी जपून घ्यावी लागते.

पाण्याबद्दल. थारसाठी 650 मिलिमीटर आणि गुरख्यासाठी 700 मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता सांगितली जाते. ती उभ्या, शांत पाण्यासाठी. रपट्यावरून वाहणारं पाणी निराळं. फूटभर जोराचं पाणी लहान गाडी सरकवू शकतं आणि दोन फुटांचं पाणी मोठी गाडीही वाहून नेतं. शिवाय खालचा रपटा शाबूत आहे की खचला, ते गढूळ पाण्यात दिसत नाही. गाडी कितीही लाखांची असो, रपट्यावरून पाणी जात असेल तर थांबायचं.

माणसं किती, माल किती

इथे बरेच जण चुकतात. थ्री-डोअर थारमध्ये चार जागा आणि माणसांसाठी दोनच दारं, तिसरं ते डिकीचं. आजीला मागच्या सीटवर चढवून बघा, मग ठरवा. पाच दारांची जिम्नीही चौघांचीच, आणि मागच्या सीटवर माणसं बसली की डिकीत दोन पिशव्यांपलीकडे फार मावत नाही. पाच माणसांचं घर असेल तर थार रॉक्स (यात फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये मिळते), स्कॉर्पिओ-एन किंवा पाच दारांचा गुरखा याच बाजूला बघावं लागेल.

माल न्यायचा असेल, म्हणजे खतांची पोती, फवारणीचे पंप, संत्र्याचे क्रेट, मोटार काढून दुरुस्तीला न्यायची, तर पिकअपसारखं काही नाही. बोलेरो कॅम्पर फोर व्हील ड्राईव्हमध्येही येते, पण शोरूमसमोर उभी असते ती बहुधा टू व्हील ड्राईव्हची, म्हणून नेमकं विचारा. पुढे कमानपट्टे आणि साधं इंजिन असल्यामुळे ती हाकायला खडखडीत आहे, एसीत बसून नागपूरला जायला नाही. पण कास्तकारीच्या कामाला मला तीच जास्त पटते. हायलक्स आणि व्ही-क्रॉस त्याहून कितीतरी आरामदायी आणि ताकदीच्या. मात्र लांबी इतकी की गावातल्या गल्लीत वळवणं ही रोजची कसरत.

मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीला पिवळी पाटी, ठरलेल्या मुदतीत फिटनेस आणि वेगळा विमा. आणि वेचणीला जाणाऱ्या बायकांना मागच्या हौद्यात बसवून नेणं बेकायदेशीर आहे, हे सगळ्यांना माहीत असूनही हंगामात रोज दिसतं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या सातबाऱ्यावर येते.

डिझेल की पेट्रोल

ओझं, चढ आणि चिखल यांना डिझेलचा कमी आरपीएमवरचा जोर मानवतो. जिम्नीच्या 1.5 लिटर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) 134 न्यूटन मीटर, थारच्या 2.2 डिझेलचा 300. पण जिम्नीचं वजन बाराशे किलोच्या आसपास, त्यामुळे जिथे जड गाडी रुतते तिथून ती वरच्या वर निघून जाते. आकडे तुलनेला ठेवताना वजनही शेजारी लिहा.

डिझेलमध्ये एक नवी कटकट आहे, ती शोरूमवाले आपण होऊन सांगत नाहीत. 2020पासूनच्या बीएस सिक्स डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगानं चालावी लागते. घर ते वावर तीन किलोमीटर, वावर ते घर तीन किलोमीटर, एवढीच रोजची धाव असेल तर जाळी तुंबते, दिवा लागतो आणि खर्च निघतो. आठवड्यातून एखादी जिल्ह्याची फेरी होत असेल तर काळजी नाही. होत नसेल तर पेट्रोलचा विचार करा.

जाळी साफ होत असताना खालचा भाग फार तापतो. वाळलेलं गवत, तणस, पऱ्हाट्यांचा ढीग यावर चालू गाडी उभी करू नका. रानातून आल्यावर खाली अडकलेलं गवत काढा. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा 45च्या वर जातो, तेव्हा रेडिएटरच्या जाळीत कुसळं आणि माती भरली असेल तर फोर एलमधल्या हळू चालीत इंजिन तापायला वेळ लागत नाही.

मिस्त्री शोधा, मग गाडी

तालुक्याच्या दोन-तीन गॅरेजमध्ये जा, चहा घ्या, समोर कोणत्या गाड्या उघडलेल्या आहेत ते बघा. बोलेरो-स्कॉर्पिओ दिसतीलच. तुम्ही घेणार त्या मॉडेलचा क्लच, डिझेल फिल्टर, व्हील बेअरिंग इथल्या दुकानात मिळतं का, की मागवावं लागतं? मिस्त्रीनं त्या गाडीचा ट्रान्सफर केस कधी उघडलाय का? सर्व्हिस सेंटर कुठल्या जिल्ह्यात आहे आणि टोइंगची गाडी गावापर्यंत येते का? गुरखा आणि व्ही-क्रॉस या दोन्ही गाड्या यंत्र म्हणून दणकट आहेत. गुरख्यात तर पुढे-मागे दोन्ही डिफरन्शिअलना लॉक आहे, आपल्याकडे या किमतीत हे दुर्मीळ. पण या प्रश्नांची उत्तरं समाधानकारक मिळाली तरच घ्या. पेरणीच्या तोंडावर एका सेन्सरसाठी तीन आठवडे उभी राहिलेली गाडी भरवशाची म्हणता येत नाही, मग तिचं इंजिन कितीही पोलादी असो.

टायर

गाडीइतकाच विचार टायरवर करा. कंपनीतून येणारे काही टायर डांबरी रस्त्याचे असतात. ऑल टेरेन हा रोजच्या वापराचा मध्यममार्ग. मड टेरेनच्या नक्षीत मोठ्या फटी असतात, त्यामुळे काळी माती फेकली जाते, पण हायवेवर ते घोंघावतात, लवकर झिजतात आणि ओल्या डांबरावर पकड कमी देतात. वर्षातले दहा महिने कोरडा रस्ता असलेल्यानं ऑल टेरेनच घ्यावेत.

काळ्या मातीइतकाच छळ धसकटांचा. तूर आणि कपाशी कापल्यावर उरलेली तिरपी, टोकदार खुंटं टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतात आणि तिथलं पंक्चर नीट निघत नाही. म्हणून बाजूची भिंत जाड असलेला टायर मागा. डिसेंबरनंतर कापलेल्या वावरात गाडी घालायचं टाळा. स्टेपनी पूर्ण मापाची हवी. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले ठेवा, नाहीतर फोर एचमध्ये ट्रान्सफर केसवर ताण येतो.

जुनी घेताना

1985च्या अखेरीस आलेली जिप्सी 2019मध्ये बंद झाली, पण ताडोबा, पेंच, मेळघाटच्या जंगल सफारीमुळे आपल्याकडे तिचे मिस्त्री आणि पार्ट अजून टिकून आहेत. जंगल सफारीतून निघालेली जिप्सी स्वस्त वाटते. तिनं धुळीत किती वर्षं रोज दोन फेऱ्या मारल्या असतील, याचा विचार करूनच किंमत बोला. कोणतीही जुनी फोर बाय फोर बघताना हे या क्रमानं करा.

गाडी मातीच्या मोकळ्या मैदानात न्या. फोर एच टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा. गाडी आखडल्यासारखी, ओढ लागल्यासारखी वाटली पाहिजे. ती आखडण हीच पुढची चाकं जोडल्याची खूण. नुसता दिवा लागला म्हणजे यंत्रणा चालते असं समजू नका. टू एच टाकल्यावर गाडी पुन्हा मोकळी व्हायला हवी. जुन्या जिप्सीत पुढच्या चाकांचे हब हातानं लॉक करावे लागतात, ते दोन्ही फिरतात का बघा. मग गाडी थांबवून फोर एल. सहज पडतो का? पहिल्या गिअरमध्ये थोडा चढ चढवा, गिअर उडून बाहेर आला तर तिथेच व्यवहार सोडा.

त्यानंतर खाली वाका. प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारा दांडा) हातानं हलवा, त्याच्या क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यात, खडखड आहे का. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअलच्या सीलमधून तेल गळतं का. पुढच्या ॲक्सलचे रबरी बूट फाटलेत का. डिफरन्शिअलचं तेल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय. चेसिसवर नवं वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला तर शंका घ्या. सीटखालची मॅट उचला: सीटच्या रुळांवर गंज आणि कोपऱ्यात बारीक गाळ म्हणजे गाडी पुरात उभी होती.

कागद शेवटी, पण पैसे देण्याआधी. चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा, तो पुन्हा ठोकलेला नाही ना. कर्जाचा बोजा उतरला का, चलन बाकी आहे का, हे परिवहनच्या पोर्टलवर दिसतं. मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30, बोजा उतरवायला 35, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर ना हरकतीचा 28. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे फिटनेस करून नूतनीकरण होतं. दिल्लीकडे दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर असलेल्या बंदीमुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात, त्यांचा एनओसी बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. पुढच्या बुल बारला 2017च्या अखेरीपासून मनाई आहे. गाडीला तो लावलेला असेल तर घेण्याआधीच काढून मागा.

गाडी घरी आल्यावर

पहिल्या महिन्यात, कोरड्या दिवसांत, आपल्याच वावरात फोर एच आणि फोर एल टाकून-काढून हात बसवा. भर चिखलात पुस्तिका उघडून उपयोग नाही. चिखल दिसला की आत शिरण्याआधी फोर एच टाका, फसल्यावर नाही. कोरड्या डांबरावर आलात की लगेच टू एच. पार्ट टाईम फोर व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या वेगातला फरक सामावायला मधे डिफरन्शिअल नसतं, वळणावर सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा मातीवर दोन-चार किलोमीटर फोर एच चालवा, म्हणजे तेल फिरतं आणि यंत्रणा जाम होत नाही.

गाडीत फावडं, जॅकखाली ठेवायला जाड फळी, बारा व्होल्टचा हवा भरायचा पंप आणि जाड पट्टा ठेवा. मऊ जमिनीत टायरची हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्यावर चढण्याआधी ती परत भरायची. ट्रॅक्टरनं ओढायची वेळ आली तर पट्टा चेसिसच्या हुकालाच बांधा, बंपरला किंवा ॲक्सलला नाही. ट्रॅक्टरवाल्याला झटका देऊ नको, ताण घेत हळू ओढ म्हणून सांगा, आणि बघायला जमलेल्या पोरांना पट्ट्याच्या लांबीहून दूर उभं करा. बाहेर निघाल्यावर त्याच दिवशी गाडी खालून धुवा. काळी माती वाळून बसली की ब्रेक आणि शाफ्टजवळून ती पाण्यानं निघत नाही, खरवडावी लागते.